दबा धरून बसणाऱ्याचं जॅकेट

प्रश्न थोडक्यात असा आहे. उणे दहाच्या आसपासच्या थंडीत हरणाच्या शिकारीला जायचं आहे. पहाटे अंधारात तासभर चढ चढून माचाण गाठायचं आणि मग तीन-चार तास जागचं न हलता बसायचं. जॅकेट डाऊनचं, म्हणजे पक्ष्यांच्या मऊ पिसांचं, घ्यावं की सिंथेटिक तंतूंचं, फिल पॉवर (पिसांच्या फुगण्याचं माप) किती असावी, वॉटरप्रूफ हवंच का? शिवाय सध्या एक जाड जॅकेट आहे, पण त्यात चढताना घाम फुटतो आणि बसल्यावर अर्ध्या तासात हुडहुडी भरते. मग त्याचं काय करायचं?

मी ही शेवटची तक्रार आधी घेतो, कारण बाकीच्या प्रश्नांची उत्तरं तिच्यातूनच निघतात. तुमचं जॅकेट चढताना नको तितकं गरम आणि बसल्यावर नको तितकं गार वाटतं, यात जॅकेटचा दोष थोडाच आहे. चालणं आणि बसणं ही दोन कामं एकाच कपड्याकडून होत नाहीत. शांत बसलेल्या माणसाचं शरीर साधारण 100 वॅट उष्णता तयार करतं. तोच माणूस पाठीवर ओझं आणि खांद्यावर रायफल घेऊन चढ चढू लागला की हा आकडा पाच-सहा पटींवर जातो.

कपड्यांची ऊब मोजायला क्लो नावाचं एकक आहे, 1941 साली ठरवलेलं. साध्या खोलीत, 21 अंशांना, शांत बसलेल्या माणसाला जेवढे कपडे पुरेसे वाटतात तेवढी ऊब म्हणजे 1 क्लो. उणे दहाला चढ चढणाऱ्याला ढोबळ हिशेबाने एक क्लो किंवा त्याहून थोडं कमीच लागतं. त्याच हवेत गप्प बसणाऱ्याला पाचच्या आसपास लागतं. एक आणि पाच यांच्या मधलं कुठलंही जॅकेट घेतलंत, तरी ते दोन्हीकडे चुकणार. चढताना जास्त, बसल्यावर अपुरं.

म्हणून माझं म्हणणं असं की उबदार जॅकेट फक्त बसण्यासाठी घ्यावं. चालताना ते पाठपिशवीत राहील आणि माचाणाशी पोचल्यावर अंगावर चढेल. हे एकदा मनाशी पक्कं झालं की निवड पुष्कळ सोपी होते, कारण त्या जॅकेटमधून घाम बाहेर पडतो का, ते घालून भराभर चालता येतं का, हे प्रश्न जवळजवळ निकालात निघतात. प्रश्न उरतात ते असे: ते पुरेसं जाड आहे का, सगळ्या कपड्यांवरून बसतं का, आवाज करतं का, आणि ते घालून नेम धरता येतो का. गिर्यारोहक नेमकं हेच करतात. चढताना ते पातळ कपड्यांत असतात. साथीदाराचा दोर धरून खाली उभं राहायची वेळ आली की एक ढगळ, जाड जॅकेट सगळ्यावरून चढवतात. त्यांची अडचण आणि तुमची अडचण एकच आहे.

आता ऊब येते कुठून ते पाहू. पिसं, पॉलिएस्टरचे तंतू, लोकर यांपैकी कशातच स्वतःची ऊब नसते. ऊब अडकून पडलेल्या हवेची असते. भरण फक्त त्या हवेला हलू देत नाही. त्यामुळे जाडी सारखी असेल तर डाऊन, सिंथेटिक आणि लोकर यांची ऊब जवळपास सारखीच असते, दर सेंटीमीटर जाडीला साधारण दीड क्लो. फरक पडतो तो वजनात, पिशवीतल्या जागेत, ओलं झाल्यावर काय होतं त्यात आणि किती वर्षं टिकतं त्यात. पाच क्लो म्हणजे अंगावर सगळीकडे मिळून तीन-साडेतीन सेंटीमीटर जाडीची, न हलणारी हवा. त्यातला एखादा सेंटीमीटर आतल्या थरांतून येतो, उरलेला जॅकेटने द्यायचा. दुकानात जॅकेट हातात घ्या, दोन बोटांच्या चिमटीत न दाबता त्याची जाडी पाहा आणि हा हिशेब डोक्यात ठेवा. लेबलवरच्या वर्णनापेक्षा ही चिमूट जास्त खरं सांगते.

लेबलवर 'उणे 20 पर्यंत' असं छापलेलं असेल तर त्यावर विसंबू नका. स्लीपिंग बॅगची तापमान-मर्यादा ठरवायला प्रमाणित चाचणी आहे. थंडीत काम करणाऱ्यांच्या कपड्यांसाठी युरोपात ईएन 342 हे मानक आहे, त्यात गरम केलेल्या पुतळ्यावर कपडे चढवून ऊब मोजतात. नेहमीच्या विक्रीतल्या बहुतेक जॅकेटांवरचा आकडा मात्र असा मोजलेला नसतो. तो चालणाऱ्यासाठी आहे की बसणाऱ्यासाठी, आत काय घातलं असताना, हेही तिथे लिहिलेलं नसतं.

डाऊन की सिंथेटिक, यावर वाद घालणारे बहुतेक जण थंडीचं तापमान विचारतात. मी आधी ओलाव्याचं विचारतो. उणे पंधराची कोरडी थंडी झेलायला सोपी असते. बर्फ अंगावर पडलं तरी भुकटीसारखं असतं, झटकलं की जातं. शून्य ते पाच अंशांची हवा, त्यात भुरभुर पाऊस किंवा ओलं बर्फ आणि वारा, ही खरी परीक्षा. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं, आणि ओलं डाऊन फुगणं सोडून गोळा होऊन बसतं. त्यातली हवा गेली की ऊबही गेली.

कोरड्या थंडीत डाऊनला तोड नाही. 1922 साली एव्हरेस्टच्या मोहिमेवर जॉर्ज फिंच यांनी बलूनच्या घट्ट विणीच्या कापडात आयडर बदकाची पिसं भरून शिवलेला कोट नेला होता. आधी तो इतरांच्या थट्टेचा विषय झाला, पण वरच्या थंडीत त्याची किंमत सगळ्यांना कळली. त्या कोटात डाऊनच्या जॅकेटचं मर्म आलंच होतं: वारा न शिरणारं पातळ कापड आणि आत फुललेली पिसं. उलट 1980च्या दशकात अमेरिकी सैन्याला भिजल्यावरही ऊब न सोडणारं भरण हवं होतं. प्रिमालॉफ्ट हे सिंथेटिक भरण त्या गरजेतून आलं. सिंथेटिक तंतू पाणी पीत नाहीत. भिजले तरी बरीचशी जाडी टिकवतात, पिळून काढले की अंगावरच वाळायला लागतात.

तुमची हवा उणे दहा आणि कोरडी असेल, रोज संध्याकाळी उबदार खोलीत परत येणार असाल, तर डाऊन घ्या. हवेचा भरवसा नसेल, किंवा चार-पाच दिवस तंबूतच मुक्काम असेल, तर सिंथेटिक. तंबूतल्या मुक्कामाचं कारण लोकांच्या सहसा ध्यानात येत नाही. पाऊस पडला नाही तरी अंगातून रोज थोडी वाफ निघतच असते. ती भरणात थंड होऊन साचते. डाऊन दर दिवशी थोडं थोडं बसत जातं आणि ते वाळवायला तंबूत ऊन नसतं, शेगडीही नसते. पाण्याला दाद न देणारा लेप दिलेलं डाऊन हल्ली मिळतं. त्याने भिजण्याआधी थोडा वेळ मिळतो, पण त्याच्या भरवशावर सिंथेटिकची जागा डाऊनला देऊ नका.

फिल पॉवरबद्दल जितका गैरसमज आहे तितका बाकी कशाबद्दल नसेल. 800 फिल पॉवर म्हणजे एक औंस, म्हणजे सुमारे 28 ग्रॅम डाऊन चाचणीच्या नळकांड्यात 800 घन इंच जागा व्यापतं, साधारण 13 लिटर. हा पिसांचा दर्जा झाला, जॅकेटची ऊब नव्हे. ऊब ठरायला त्यात किती ग्रॅम भरलंय हेही हवं. समजा एका जॅकेटमध्ये 800 फिलचं 90 ग्रॅम डाऊन आहे आणि दुसऱ्यात 650 फिलचं 150 ग्रॅम. पहिल्याचं एकूण फुगणं 42 लिटरच्या आसपास, दुसऱ्याचं 56. दुसरं कमी दर्जाचं असूनही जास्त गरम. ते वजनाला भारी असेल आणि पिशवीत जागा जास्त खाईल, एवढंच. पाठीवर आठवडाभराचं सामान वाहणाऱ्याने 800-900च्या मागे जावं. तासभर चालून माचाणावर बसणाऱ्याला 650 पुरतं, आणि वाचलेले पैसे जास्त ग्रॅम असलेल्या जॅकेटवर घालावेत. विक्रेत्याला भरणाचं वजन विचारा. ते कुठेच सांगितलेलं नसेल तर ते जॅकेट मी घेत नाही.

सिंथेटिकमध्ये दर चौरस मीटरला किती ग्रॅम हे पाहायचं. 60 ते 80 ग्रॅम म्हणजे चालता-थांबता वापरायचं पातळ जॅकेट. 100 ग्रॅमचं मधलं, आणि हे 'सगळ्याला चालेल' म्हणून सर्वांत जास्त खपतं. बसण्यासाठी धडाला 133 ते 200 ग्रॅम हवं, बाह्यांत थोडं कमी चालतं. अखंड लांब तंतूंचं भरण आखूड तंतूंपेक्षा जास्त टिकतं, पण थोडं कडक लागतं. आखूड तंतूंचं मऊ असतं, डाऊनच्या जवळ जाणारं, मात्र पिशवीत सारखं दाबून ठेवलं की दोन-तीन हंगामांत त्याची फुगवण उतरलेली जाणवते. शिकाऱ्याचं जॅकेट रोज पिशवीत दाबलं जातं, म्हणून माझा कल अखंड तंतूंकडे आहे.

शिवणीकडेही बघा. डाऊनचे कप्पे आरपार टाके मारून केलेले असतील तर प्रत्येक टाक्याच्या ओळीवर जाडी शून्य होते आणि तिथून गारवा आत येतो. बसण्याच्या जॅकेटात आतल्या-बाहेरच्या कापडात उभ्या पट्ट्या लावून पेटीसारखे केलेले कप्पे चांगले. ते न जमलं तर निदान शिवणींची संख्या कमी असलेलं, मोठ्या कप्प्यांचं घ्या. बारीक बारीक कप्प्यांचं जॅकेट दिसायला नेटकं असतं, पण त्यात थंड ओळीही तितक्याच जास्त.

वाऱ्याचं काय? उणे दहाला ताशी 30 किलोमीटरचा वारा असला तर उघड्या कातडीला ती थंडी उणे वीससारखी लागते. माचाण जमिनीपासून वर असतं, तिथे वारा आणखी जास्त. म्हणून बाहेरचं कापड वारा अडवणारं हवंच. वॉटरप्रूफ मात्र हवंच असं नाही. कोरड्या थंडीत वॉटरप्रूफ पापुद्रा वजन वाढवतो, कापड कडक करतो आणि आवाज करतो. ओल्या हवेत जाणार असाल तर जॅकेटच वॉटरप्रूफ घेण्यापेक्षा वेगळं, ढगळ, पातळ पावसाळी कवच घ्या. ते चालतानाही उपयोगी पडतं, आणि एक फाटलं तर दुसरं शिल्लक राहतं. ते उबदार जॅकेटवरून बसलं पाहिजे एवढी खात्री करा. आतलं जॅकेट चेपलं गेलं तर जाडी गेलीच.

इथवरचं कुठल्याही थंडीत बसणाऱ्याला लागू आहे, आडोशात कॅमेरा घेऊन बसणाऱ्यालाही. पुढचं फक्त शिकाऱ्याचं.

आवाज. गिर्यारोहणाची उत्तम जॅकेटं इथे नापास होतात. त्यांचं गुळगुळीत पातळ नायलॉन हात वर केला की सळसळतं, आणि गारठ्यात कडक झालं की सळसळ वाढते. निवांत पहाटे, वारा पडलेला असताना, हरणाला एवढं पुरतं. म्हणून बाहेरचं कापड घासलेलं, लवदार हवं: फ्लीससारखं, पीचच्या सालीसारखं मऊ केलेलं, किंवा लोकरीचं. परीक्षा अशी करा. शांत जागी जॅकेट घालून बाही धडावर घासा, कोपर वाकवा, रायफल खांद्याला लावल्यासारखा हात वर आणा, हूड घालून मान फिरवा. शक्य असेल तर हेच थंडीत करून पाहा, कारण उबदार खोलीत मऊ वाटणारं कापड बाहेर वेगळं वागतं. वेल्क्रो कुठेही नको, ना कफाला ना खिशाला. चेन चालेल, पण तिच्या धातूच्या टोकाला दोरीचा तुकडा बांधा म्हणजे ती किणकिणणार नाही.

लवदार कापडाची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याला बर्फ चिकटतं, गवताचे कुसळ चिकटतात आणि नुसत्या फ्लीसमधून वारा सरळ आत येतो. म्हणून वर लवदार कापड आणि त्याखाली वारा अडवणारा पापुद्रा, अशी जोडणी शोधा. जुन्या पद्धतीची, नमद्यासारखी घट्ट केलेली लोकर, आल्प्समधल्या शिकाऱ्यांची लोडेन, आजही सर्वांत मुकी आहे. ठिणगीने वितळत नाही, दमटली तरी साथ देते. वजन मात्र भारी, आणि पिशवीत घालून चढायला ती सोयीची नाही. माचाण गाडीच्या वाटेला लागून असेल तर मी लोडेनचा विचार नक्की करेन.

जाडीचा नेमावर परिणाम होतो. खांद्यावर दोन-तीन सेंटीमीटर भरण आलं की रायफलचा दस्ता तेवढाच पुढे सरकतो. मान पुढे काढावी लागते, दुर्बिणीत पूर्ण वर्तुळ दिसत नाही, आणि घाईत दस्त्याचं टोक काखेतल्या कापडात अडकतं. ज्या खांद्यावर दस्ता टेकतो तिथे शिवणीचा गठ्ठा, खिसा किंवा बकल नको. धनुष्याने शिकार करत असाल तर डाव्या बाहीचा आणि छातीचा फुगवटा दोरीच्या वाटेत येतो. बाही दाबून धरणारा पट्टा बांधा, किंवा धडाला जाड आणि बाह्यांना पातळ भरण असलेलं जॅकेट घ्या. आणि सराव जॅकेट घालूनच करा. उन्हाळ्यात सदऱ्यावर बसवलेला नेम हिवाळ्यात तसाच बसेल असं धरून चालू नका.

जंगलात बसणाऱ्याने माचाणाचा सुरक्षापट्टा वापरलाच पाहिजे, त्यात तडजोड नाही. जॅकेट घेताना तो पट्टा बरोबर न्या. पट्टा जॅकेटवरून आवळला तर भरण खांद्यावर आणि छातीवर चेपतं. म्हणून चांगल्या शिकारी जॅकेटांच्या पाठीला, मानेखाली, एक झाकण असलेली फट असते. पट्टा आत राहतो, झाडाला बांधायची दोरी त्या फटीतून बाहेर येते. फट नसेल तर पट्टा वरून घाला, ऊब थोडी गेली तरी चालेल. शिवाय दुतर्फा उघडणारी चेन घ्या. बसल्यावर खालून थोडी उघडली की जॅकेट पोटावर गोळा होत नाही, आणि पट्ट्याच्या बकलापर्यंत हात पोचतो.

माप घ्यायला जाताना शिकारीला घालणार ते सगळे थर अंगावर घालून जा. त्यावरून जॅकेट चढवा आणि खुर्चीवर बसा. पाठीमागे कंबर उघडी पडते का? हात पुढे केल्यावर मनगटं बाहेर येतात का? पाठीवर कापड ताणलं की तिथलं भरण चेपतं, म्हणजे नेम धरून बसलेल्या माणसाची पाठच सर्वांत आधी गारठते. बहुतेकांना नेहमीपेक्षा एक माप मोठं लागतं. लांबी नितंब झाकणारी हवी. खालच्या घेराला नाडी, मनगटाला मऊ आतला कफ, चेनच्या मागे भरण घातलेली पट्टी. यांतलं एक जरी नसलं तरी बसलेल्या माणसाची गरम हवा गळ्याकडून वर निघून जाते आणि खालून गार हवा आत येते.

हूडबद्दल माझं मत बहुतेकांपेक्षा वेगळं आहे. शिकाऱ्याला कान हवेत. जाड हूडमध्ये पाचोळ्यावरचं पाऊल ऐकू येत नाही आणि डोळ्यांच्या कडेचं दिसणंही जातं. उंच कॉलर आणि डोक्याला वेगळी लोकरी टोपी, ही माझी पसंती. हूड असलाच तर काढता येणारा किंवा पातळ असावा, वारा सुटला की टोपीवरून ओढायला. शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते हे ऐकीव खरं नाही, डोकं हा शरीराच्या पृष्ठभागाचा जेमतेम दहावा भाग. पण बाकी सगळं झाकलेलं असताना डोकं उघडं ठेवलं तर मात्र तिथून बरीच ऊब जाते, कारण कवटीवरच्या रक्तवाहिन्या थंडीत हातापायांसारख्या आखडत नाहीत.

हाताची बोटं हा तर या सगळ्याचा गाभा आहे. कातडीचं तापमान पंधरा अंशांच्या खाली गेलं की बोटांची चपळाई झपाट्याने उतरते. मग चाप कळत नाही, सेफ्टी नीट सरकत नाही. लोक यावर जाड हातमोजे घेतात, आणि जाड हातमोज्याचं बोट चापाच्या कडीत धोकादायक असतं. खरा उपाय धडावर आहे. शरीराचा आतला भाग गार पडू लागला की शरीर आधी हातापायांचं रक्त कमी करतं. धड पुरेसं गरम ठेवा, बोटांना रक्त मिळत राहील, आणि मग पातळ हातमोजे पुरतात. त्यासाठी जॅकेटला छातीच्या खाली, पट्ट्याच्या वर, अस्तर लावलेले हात घालायचे खिसे हवेत. कमरेवरचे खिसे पट्ट्याखाली दबतात आणि उपयोगाचे राहत नाहीत.

रंगाचं थोडक्यात. हरणाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, त्याला नारिंगी आपल्यासारखा भडक दिसत नाही, पण निळा मात्र चांगला दिसतो, म्हणून निळं जॅकेट आणि 'शुभ्रता' देणाऱ्या साबणाने धुतलेलं जॅकेट, दोन्ही टाळा. आणि जिथे भडक नारिंगी घालणं कायद्याने बंधनकारक आहे तिथे तो सर्वांत बाहेरचा थर असावा लागतो: चालताना घातलेली नारिंगी बंडी नवं जॅकेट चढवल्यावर त्याखाली लपते, तेव्हा बंडी जॅकेटवरून बसेल एवढी मोठी घ्या. इतर शिकाऱ्यांना तुम्ही दिसणं हे हरणाला न दिसण्यापेक्षा महत्त्वाचं आहे.

बॅटरीवर तापणारी जॅकेटं आली आहेत. लिथियम बॅटरी थंडीत लवकर उतरते, आणि ती उतरल्यावर अंगावर एक पातळ जॅकेट उरतं. भरण पुरेसं असेल तर वरून ती सोय वापरायला हरकत नाही. भरणाच्या बदल्यात नको.

आता वापरायचं कसं, कारण चुकीच्या वेळी चढवलेलं उत्तम जॅकेटही गारठवतं. निघताना अंगाला गार लागलं पाहिजे. पहिल्या दहा मिनिटांत उबदार वाटू लागलं तर एक थर काढा. अंगाशी पातळ मेरिनो लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा थर, वर पातळ फ्लीस, वारा असेल तर एक पातळ विंडचीटर, इतकंच. अंगाशी सुती कापड नको, ते घाम पिऊन बसतं. चढाचा शेवटचा टप्पा मुद्दाम सावकाश चाला. माचाणाखाली थांबा, गळ्याची चेन उघडा, वाफ निघून जाऊ द्या. आतला सदरा ओला असेल तर तो तिथेच बदला. उघड्या अंगाने ते एक मिनिट नकोसं वाटतं, पण पुढचे तीन तास त्यावर अवलंबून असतात. मग जॅकेट चढवा, हुडहुडी भरायच्या आधी. एकदा अंग गार पडलं की जॅकेटकडे अडकवायला उष्णताच नसते. ते उष्णता तयार करत नाही.

बसायला फोमची जाड गादी न्या. बुडाखालचं भरण वजनाने चेपतं, कितीही महाग असलं तरी. पायांना भरणाची पँट हवी, नाहीतर जॅकेट एकटं पुरं पडणार नाही. मधूनमधून मांड्या आणि दंड आवळून सैल सोडा. बाहेरून काही हलत नाही आणि थोडी उष्णता तयार होते. खिशात दाणे, गूळ, सुकामेवा असं काहीतरी ठेवा. शरीराला जळण लागतं.

आणि अनावर कापरं भरलं, बोटांनी बकल लागेनासं झालं, बोलणं अडखळू लागलं तर सावज समोर असलं तरी खाली उतरा. शरीराचं आतलं तापमान 35 अंशांखाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात, आणि तो माणसाची सारासार बुद्धी आधी नेतो. बधिर हातांनी माचाण उतरणं हा या खेळातला मोठा धोका आहे, म्हणून हात चालत असतानाच उतरा.

राहिलं तुमचं जुनं जाड जॅकेट. टाकून देऊ नका. ते बाहेरून मऊ कापडाचं असेल आणि मापाला थोडं ढगळ असेल तर कदाचित नवीन घ्यावंच लागणार नाही. पुढच्या वेळी ते पिशवीत घालून चढा, आतला सदरा बदला, मग चढवा आणि किती वेळ निभावतं ते बघा. तास-दीड तासाने गारठा जाणवू लागला तर त्याच्या आत घालायला एक बिनबाह्यांचं डाऊन किंवा सिंथेटिक जाकीट घ्या. धडाला नेमकी हवी तिथे जाडी मिळते आणि बाह्या मोकळ्या राहतात. मात्र ते जॅकेट अंगाला घट्ट असेल तर आत काही घालून उपयोग नाही, सगळं चेपेल. तसं असेल तर ते हिंडत फिरत करायच्या शिकारीला ठेवा आणि बसायला नवं घ्या: कोरड्या थंडीसाठी 650 किंवा त्यावरच्या फिलचं, भरपूर ग्रॅमचं डाऊन, किंवा ओलसर हवेसाठी 133 ते 200 ग्रॅमचं सिंथेटिक, वर लवदार कापड, पाठीला पट्ट्याची फट, नेहमीपेक्षा एक माप मोठं.

घरी आल्यावर ते पिशवीतून लगेच काढा आणि हंगाम संपला की सैल टांगून ठेवा. डाऊन धुवायचं झालं तर डाऊनसाठीच्या सौम्य साबणाने धुवा आणि ड्रायरमध्ये मंद आचेवर दोन-तीन टेनिसचे चेंडू टाकून वाळवा. वरून वाळलं तरी आत गुठळ्या लागत असतील तर ते अजून ओलं आहे, पुन्हा फिरवा.